मामांच्या बिअरमध्ये पाणी कोणी घातलं?

माझ्या मामेसासऱ्यांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत: दुधात पाणी घालणारे आणि अजून न सापडलेले. तिसरा प्रकार असू शकेल अशी शंका त्यांना कधी आली नाही, आणि आली असती तरी त्या शंकेत पाणी किती, हे त्यांनी आधी तपासलं असतं. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. तिच्या मागोमाग मीही त्यांना मामाच म्हणतो. भीमेकाठच्या वडगाव रासाईत दूध संकलन केंद्रावर त्यांनी सगळी नोकरी काढली. सकाळ-संध्याकाळ गाव किटल्या घेऊन रांगेत उभं राहायचं आणि मामा प्रत्येकाच्या दुधात लॅक्टोमीटर सोडायचे. लॅक्टोमीटर म्हणजे बुडाशी वजन भरलेली काचेची नळी. दूध दाट असेल तर ती वर तरंगते, पातळ असेल तर खाली जाते, आणि तिच्या मानेवरच्या आकड्यावरून दुधाची डिग्री कळते. म्हशीच्या दुधाची तीसच्या आसपास, गाईच्या दुधाची जरा कमी. डिग्री उतरली की मामा मान वर न करताच म्हणायचे, ‘‘दूध परत.’’ त्यांनी सरपंचाचं दूध परत पाठवलंय, पुजाऱ्याचं पाठवलंय, आणि एकदा स्वतःच्या गोठ्यातलंही पाठवलंय. त्या संध्याकाळी मामींनी चहा केला, पण बिनदुधाचा.

मामा निवृत्त झाले तेव्हा केंद्रावर यंत्र आलं. आता दूध ओतलं की यंत्र चिठ्ठी काढतं. ‘‘चिठ्ठी काढतंय, पर तोंड कुठं बघतंय मानसाचं?’’ असं म्हणून मामांनी आपला जुना लॅक्टोमीटर उचलला आणि शर्टाच्या खिशात, जिथे इतर निवृत्त माणसं पेन लावतात तिथे, लावला. तेव्हापासून तो त्यांच्याबरोबर सगळीकडे जातो. भांडगावच्या एका लग्नात त्यांनी तो मठ्ठ्याच्या पिंपात सोडला. आचारी बाजूला कोथिंबीर चिरत होता. त्याने मामांचा चेहरा पाहिला, हातातली जुडी खाली ठेवली आणि जेवणं उरकेपर्यंत तो कोणाला दिसला नाही. जिथे लॅक्टोमीटर बुडवता येत नाही तिथे मामा नजरेने मोजतात. तालुक्याच्या पुढाऱ्याने जयंतीला तासभर भाषण केलं, तेव्हा मांडव सोडता सोडता मामा म्हणाले, ‘‘अठरा.’’ मी शिरूरच्या कॉलेजात मराठी शिकवतो. एवढं नेमकं आणि एवढं थोडक्यात परीक्षण मला कधी जमलेलं नाही. खुद्द माझ्या लग्नात त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि भर पंगतीत निकाल दिला, ‘‘सव्वीस हाय. गाईचं म्हनून खपंल.’’

या सगळ्या कडक कारभारात मामांचा एकच दोस्त टिकला, तो म्हणजे आप्पा. आप्पांच्या आजोबांनी मेंढरं हाकली, वडिलांनी जमीन घेतली आणि आप्पांनी ऊस लावला. दोघं शाळेत एका बाकावर बसले, एकाच दिवशी शाळा सोडून आले. पण फार वर्षांपूर्वी एका सकाळी मामांनी आप्पांच्या म्हशीच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला आणि तो चोवीसवर जाऊन थांबला. सगळी रांग बघत होती. मामा म्हणाले, ‘‘दूध परत.’’ आप्पा म्हणाले, ‘‘म्हैस पावसात भिजली व्हती रातभर, म्हनून.’’ रांग जी हसली, ती गावात आजही थांबलेली नाही. वडगावात पातळ चहाला ‘आप्पाचा चहा’ म्हणतात, पातळ आमटीला ‘आप्पाची आमटी’. नव्या सुनांना हे आप्पा कोण ते माहीतही नसतं, पण शब्द त्यांच्या तोंडी बसलाय. आप्पा काही महिने मामांशी बोलले नाहीत. मग बोलू लागले. रोज दुपारी मामांच्या मागच्या थंड खोलीत येऊन ते पडायचे, गप्पा मारायचे, घोरायचे. मात्र त्या सकाळचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही, आणि आपण पाणी घातलं होतं हे आप्पांनी कधी कबूल केलं नाही.

आता बिअरकडे येतो. माझा मेहुणा पुण्यात कंपनीत आहे. पाहुणचाराच्या भरात तो एकदा मामांना आणि मला, गिऱ्हाइकांसमोरच बिअर तयार होते अशा एका हॉटेलात घेऊन गेला. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या चकाकत होत्या. मामांनी दारू कधी घेतलेली नाही, पण टाक्या बघून ते खुलले. ‘‘ही तर आपली दुधाची टाकी!’’ म्हणाले. वेटरने मेहुण्यापुढे ग्लास ठेवला. मेहुण्याने हात लावायच्या आत मामांनी खिशातून लॅक्टोमीटर काढून त्यात सोडला. तो बाराला जाऊन थांबला.

‘‘सर, ये क्या है?’’ वेटर घाबरून म्हणाला.

‘‘तेच तर मी इचारतोय,’’ मामा म्हणाले. ‘‘बारा! निम्मं पानी हाय ह्यात. तुमचा मॅनेजर कुठं हाय?’’

मॅनेजर आला, हसला, फेसाबद्दल आणि जवाबद्दल काही बोलला. मामांनी ते सगळं ऐकून घेतलं. पाणी घालणारा माणूस बोलतो फार, हा त्यांचा जुना अनुभव होता. परतताना ते गाडीत वाघोली मागे पडल्यावर म्हणाले, ‘‘जावईबापू, बिअर म्या घरी करनार. अडतीस डिग्रीची. एक थेंब पानी न्हाई. मग बोलवा त्या मॅनेजरला.’’

मामा बोलतात ते करतात, ही त्यांची सर्वांत मोठी अडचण आहे. घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही, हे मी त्यांना सांगितलं. मामांनी आयुष्यात कायदा मोडलेला नाही, त्यामुळे ते दोन दिवस खिन्न होते. शिवाय जव वडगावात पूजेपुरतेच मिळतात, आणि बिअरला कडवटपणा देणारी ती परदेशी फुलं शिरूरच्या बाजारात मागितल्यावर दुकानदाराने त्यांना शेवंती दाखवली. मग मोबाइलवर एक गोरा माणूस सापडला. त्याची दाढी छातीवर रुळत होती आणि तो नवशिक्यांना आल्याची बिअर शिकवत होता. आलं, साखर, लिंबू, पाणी आणि यीस्ट. पहिल्या खेपेला हेच करा, असं त्याचं म्हणणं होतं, कारण यात बिघडण्यासारखं फार काही नाही. आल्याची बिअर कोणत्या कलमात बसते, हे मी मुद्दामच वाचलं नाही. मामींनी एकच अट घातली. ‘‘घरात त्याला बिअर म्हनायचं न्हाई. आल्याचं म्हनायचं.’’

दाढीवाला इंग्रजीत बोलायचा, मी मराठी करून सांगायचो. पण साहित्य आणि भांडी सांगून झाली तसा मामांनी मोबाइल बंद करायला लावला. त्यांच्या मते कोणत्याही धंद्यात भांडी कोणती हे कळलं की उरलेलं आपोआप कळतं. मेहुण्याने फोनवर ऑनलाइन मिळणारा तयार संच सुचवला. त्यात झाकणाची प्लास्टिकची बादली आहे हे कळताच मामांनी फोन मामींकडे दिला. ‘‘बादलीत कपडं भिजवत्यात,’’ एवढंच बोलले. त्यांनी माळ्यावरून दुधाचा जुना स्टीलचा कॅन काढला. दाढीवाल्याने सांगितलं होतं की आतली हवा बाहेर गेली पाहिजे, पण बाहेरची आत येता कामा नये. मामांनी कॅनच्या झाकणाला वेल्डिंगवाल्याकडून भोक पाडून घेतलं, त्यात कंपाउंडरकडची सलाइनची कोरी नळी बसवली, कडेने मेण भरलं आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बरणीत सोडलं. तापमान बघायला केंद्रावरचा थर्मामीटर होता. गाळायला मामींचं पुरणाचं सोवळ्यातलं फडकं मागितलं, ते मिळालं नाही, दुसरं मिळालं. बाटल्या जाड प्लास्टिकच्या, सोड्याच्या, कारण आत हवा किती धरली ते बाटली दाबून कळतं, असं दाढीवाला म्हणाला होता. राहिली गोष्ट डिग्री मोजायच्या नळीची. दाढीवाल्याच्या हातात ती होतीच. मामांनी ती पाहिली, स्वतःच्या खिशाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्या दाढीवाल्याबद्दल त्यांच्या नजरेत आदर दिसला. ‘‘आपल्यातलाच हाय,’’ म्हणाले.

यानंतर जे झालं त्यावरून मी असं अनुमान काढलं की बिअर करणं म्हणजे मुख्यतः भांडी घासणं. मामांनी कॅन सोड्याने घासला, उकळत्या पाण्याने धुतला, उन्हात पालथा घातला आणि मग त्याला माझा हात लागला म्हणून पुन्हा धुतला. पळी उकळली. नळी उकळली. चाळणी उकळली. मीही उकळला जाईन अशी भीती वाटल्यामुळे मी ओट्यावर जाऊन बसलो. तिथे आप्पा गुळाची ढेप घेऊन आले होते. दाढीवाल्याची पांढरी साखर मामांना मंजूर नव्हती, म्हणून आप्पांनी राहू गावच्या गुऱ्हाळावर स्वतः उभं राहून, भट्टीवरच्या भय्याला ‘‘इसमें पावडर मत डालना, दोस्त का है’’ असं बजावून गूळ करून आणला होता. मामांनी ढेप फोडली, वास घेतला आणि नुसती मान हलवली. आप्पांचा चेहरा उजळला. मामांची मान उभी हलणं ही वडगावात दुर्मीळ गोष्ट आहे.

आलं किसलं, गूळ विरघळला, लिंबं पिळली. सगळं कोमट झाल्यावर बेकरीतून आणलेलं यीस्ट घातलं. मामा त्याला विरजण म्हणत होते. मामी दारातून म्हणाल्या, ‘‘विरजान लावल्यावर भांडं हलवायचं नसतंय, सारखं उघडून बघायचं बी नसतंय.’’ मामांनी ऐकलं नाही. त्यांनी लॅक्टोमीटर सोडला. अडतीस. बरोब्बर अडतीस. त्यांनी तो आकडा मला दाखवला, आप्पांना दाखवला, मामींना हाक मारून दाखवला. कॅन मागच्या थंड खोलीत ठेवला, त्याला ओलं पोतं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी बरणीत बुडबुडे यायला लागले. आप्पा आपल्या नेहमीच्या जागी आडवे झाले आणि म्हणाले, ‘‘गड्या, हे माझ्यापरीस जोरात घोरतंय.’’

मग मामांनी झाकण उघडून डिग्री मोजली. एकतीस.

पुन्हा मोजली. एकतीस. त्यांनी पोत्यावर पाणी कोण मारतं याची चौकशी केली. मामी मारत होत्या. मामांनी पोतं बदललं आणि पाणी मारायचं काम स्वतःकडे घेतलं. पुढच्या मोजणीला चोवीस आलं. आता डिग्री उतरते म्हणजे काय होतं, याचं मामांच्या आयुष्यात एकच उत्तर होतं, आणि ते त्यांनी हजारो किटल्यांवर सिद्ध केलेलं होतं. कोणीतरी यातलं पीत होतं आणि तेवढंच पाणी वर घालत होतं. त्यांनी कॅनला कुलूप लावलं. कुलपाला तार ओवून टँकरच्या झाकणाला लावतात तसा शिशाचा शिक्का मारला. शिक्का शाबूत राहिला आणि डिग्री सतरावर आली.

मी त्या रविवारी तिथेच होतो. आप्पा दुपारी नेहमीप्रमाणे आले, चपला काढल्या, आडवे व्हायच्या बेतात होते.

‘‘आप्पा,’’ मामा म्हणाले, ‘‘कुलूप कुनी आनलं व्हतं दुकानातनं?’’

‘‘म्याच की. तूच सांगितलंस.’’

‘‘किल्ल्या किती व्हत्या? शिक्का काय, नवा बी मारता येतोय.’’

आप्पा हळूहळू उठून बसले. ‘‘लेका, तुला काय म्हनायचंय ते सरळ म्हन.’’

‘‘डिग्री उतरलीया. ह्या खोलीत माझ्याबिगर तूच येतुस.’’

मामी पदराला हात पुसत दारात आल्या. ‘‘अवो, काय बोलताय? गूळ त्येंनीच आनला की!’’

आप्पा मामींकडे बघून हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. मग मामांना म्हणाले, ‘‘तवा समदी रांग बघत व्हती. आज वहिनी आन् जावई बघत्यात. तुझ्या नळीला माझंच पानी बरं दिसतंय.’’ ओट्यावरच्या चपला नीट न घालता, एक पायात सरकवत, एक हातात घेऊन ते निघून गेले.

त्यानंतर आप्पा आले नाहीत. मामांनी दुपारची झोप सोडली. मागच्या खोलीत एकट्या बरणीचे बुडबुडे ऐकू यायचे, तेही कमी कमी होत गेले. मामी जेवायला वाढताना मामांशी बोलायच्या नाहीत, ताटाशी बोलायच्या. मी शिरूरला परतलो, पण मला चैन पडेना. शेवटी मी कॉलेजात, परीक्षेच्या पर्यवेक्षणाआधीच्या रिकाम्या वेळात, दाढीवाल्याचा उरलेला भाग पाहिला. तो आम्ही साहित्य संपल्यावर बंद केला होता, तिथून पुढचा. दाढीवाला आपली नळी सोडत होता, आकडा उतरलेला दाखवत होता आणि आनंदाने दाढी हलवत होता. मग पुन्हा सोडली, आणखी उतरला, आणि त्याने चक्क नाच केला. मी ते तिसऱ्यांदा पाहिलं, मग वडगावला निघालो.

‘‘मामा,’’ मी म्हणालो, ‘‘डिग्री उतरली तर तो नाचतोय.’’

मामांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. मी वाक्यावाक्याचं मराठी करून सांगितलं. गोडी विरघळलेली असते म्हणून सुरुवातीला ते जड असतं. विरजण ती गोडी खातं, तसतसं ते हलकं होत जातं. डिग्री उतरणं हीच खूण. उतरली नाही तर बिअर झालीच नाही. मामांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, ‘‘म्हंजी पानी न घालता बी डिग्री उतरती?’’

‘‘उतरते.’’

‘‘आन् तो हॉटेलवाला?’’

‘‘त्यानेही घातलं नव्हतं.’’

मामा दाढीवाल्याच्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिले. हॉटेलवाल्याचा विचार ते करत नव्हते, हे मला नंतर कळलं. ते म्हणाले, ‘‘त्या दिशी आप्पा म्हशीची धार काढून तसाच धावत आला व्हता. दूध कोमट व्हतं. कोमट दुधाची डिग्री कमी लागती, गार करून मोजायचं असतं. ठावं व्हतं मला. पर टँकर हॉर्न वाजवत व्हता.’’ ते उठले. ‘‘चला जावईबापू. आधी बाटल्या भरू, मग आप्पाकडं जाऊ.’’

आम्ही आल्याचं बाटल्यांत भरलं, बाटल्या दोन दिवस ठेवल्या, आणि त्या अंगठ्याने दाबल्यावर दबेनाशा झाल्या तेव्हा मामा दोन बाटल्या पिशवीत घालून माझ्या स्कूटरवर मागे बसले. आप्पा मळ्यात होते, म्हशीपुढे उसाचं वाढं, म्हणजे शेंड्यांचा हिरवा पाला, टाकत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि वाढं टाकणं चालू ठेवलं. मामा बांधावर बसले. मीही बसलो. शेवटी आप्पाही बसले, जरा लांब. मामांनी बाटली उघडली. ती फसफसली आणि मामांच्या शर्टावर उडाली. आप्पांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. मामींनी दिलेल्या पेल्यात मामांनी आल्याचं ओतलं आणि पेला आप्पांपुढे धरला.

आप्पांनी घोट घेतला. ‘‘तिखाट हाय,’’ म्हणाले. मग दुसरा घोट घेतला.

‘‘आप्पा,’’ मामा म्हणाले, ‘‘नळी उतरली म्हंजी पानीच घातलंय, असं नसतंय. मला आत्ता कळलं. ह्या कॅनचं चुकलं माझं. आन् त्या सकाळचं बी चुकलं. दूध गार करून मोजाया पायजे व्हतं. समद्या गावाम्होरं तुला…’’ माणसांना दूध परत करायची त्यांना सवय होती, दिलेला शब्द परत घ्यायची नव्हती.

आप्पा पेल्यात बघत होते. म्हैस वाढं चावत होती. मग आप्पा म्हणाले, ‘‘घातलं व्हतं.’’

‘‘काय?’’

‘‘पानी. त्या सकाळी. तांब्याभर. पोरीकडचं पाव्हणं आलं व्हतं, दूध घरात जास्ती लागलं, किटली कमी भरली. म्हनलं, कुनाला कळतंय. तुला कळलं.’’ त्यांनी मान खाली घातली. ‘‘एवढी वरसं सांगीन सांगीन म्हनत व्हतो.’’

मी मामांकडे पाहिलं. सरपंचाचं दूध परत करणारा, आचाऱ्याला पळवून लावणारा, पुण्याच्या मॅनेजरला जाब विचारणारा हा माणूस बरोबर होता. त्या सकाळी त्याची नळी एका आकड्यानेही चुकलेली नव्हती. त्याच्या साऱ्या आयुष्याच्या मापावर स्वतः गुन्हेगाराने शिक्का मारला होता. मामांचा हात खिशाकडे गेला, तसाच थांबला आणि बाटलीकडे वळला. त्यांनी आप्पांचा पेला पुन्हा काठोकाठ भरला.

‘‘न्हाई आप्पा,’’ ते म्हणाले. ‘‘त्या दिशी म्हैस भिजली व्हती. रातभर पाऊस व्हता. मला चांगलं आठवतंय.’’

आप्पांनी पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

आम्ही निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि भीमेवरून गार वारा येत होता. गावाच्या वळणावर चहाच्या टपरीपाशी कोणीतरी ‘‘अरं, हा तर आप्पाचा चहा दिलास!’’ म्हणून ओरडलं. मामांनी मला स्कूटर थांबवायला लावली, त्या माणसाकडे नुसतं बघितलं, आणि तो माणूस तसाच चहा पिऊन गेला. मी पुन्हा किक मारली. जरा पुढे गेल्यावर मामा माझ्या खांद्यावरून पुढे वाकले.

‘‘जावईबापू, लग्नात तुमाला सव्वीस म्हनलो व्हतो न्हवं?’’

‘‘म्हणाला होतात.’’

‘‘गडबड व्हती मांडवात. घाईत मोजलं.’’

‘‘मग आता किती?’’ मी विचारलं.

आरशात मला त्यांचा खिसा दिसत होता. आल्याने भिजलेला, आणि त्यातून डोकावणारी ती काचेची नळी.

‘‘आता न्हाई मोजत,’’ ते म्हणाले. ‘‘जरा हळू घ्या. वारं बरं लागतंय.’’